उभ्या गाडीचा निळा रंग

मंडईमागच्या बोळात मी दुकान टाकलं तेव्हा दारावर एक पाटी रंगवून घेतली होती. ‘पाइप आणि मालक, दोघांनीही थंड झाल्यावर आत यावे.’ लोक वाचून हसायचे आणि बाहेर थांबायचे. मला दोन्ही हवं होतं. मी स्वतः फारसा बोलत नसे. बोलायचं काम पाटीकडे दिलं होतं.

आता अर्ध्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात. उरलेल्या अर्ध्यात मी असतो. धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा, असं या अंकासाठी मला सांगितलं गेलं. गमती आहेत, त्याही लिहितो. पण एक अनुभव गमतीचा नाही. तो वगळून बाकीचे लिहिले, तर जे मी एकदा केलं आणि पुढे वर्षानुवर्षं करत राहिलो, तेच पुन्हा केलं असं होईल.

आधी धंदा सांगतो. मोटारसायकलच्या इंजिनातून धूर बाहेर नेणारी जी वाकडी नळी असते, तिला गॅरेजमध्ये बेंडपाइप म्हणतात. तिच्यावर क्रोमचा मुलामा असतो. नवा असतो तेव्हा आरशासारखा. तापत गेला की त्याच्यावर रंग चढतात. आधी तुपासारखा पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा, आणि शेवटी मोराच्या मानेचा निळा. दिसायला सुंदर असतो, पण मालकाला तो डाग वाटतो. तो निळा काढायचा आणि पुन्हा पडू नये अशी तजवीज करायची, ही माझी भाकरी.

कृती सोपी आहे. पाइप पूर्ण थंड हवा. साबणाच्या पाण्याने धुवायचा, मऊ तारेच्या काथ्याने हलके घासायचा, मग मलम लावून चाकावर बफ मारायचा. रेनकोटचं प्लास्टिक वितळून चिकटलेलं असेल तर तेवढा भाग थोडा ऊन करून लाकडाच्या चिपेने काढायचा. लोखंड लावलं की ओरखडा आलाच. सगळं झाल्यावर स्पिरिटच्या फडक्याने पुसायचं, आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही.

हे शेवटचं लक्षात ठेवा. चकचकीत पाइपाला बोट लागलं तर त्या वेळी काही दिसत नाही. बोटाचं तेल डोळ्याला कळत नाही. गाडी सुरू होते, पाइप तापतो, आणि मग तो ठसा वर येतो. तपकिरी, रेघारेघांसकट. एकदा भाजला गेला की पुसून जात नाही.

एका पेन्शनर गिऱ्हाइकाने मला असा पाइप दाखवून विचारलं होतं, “हा अंगठा कोणाचा, हमीदभाई?”

“तुमचाच.”

“कशावरून? घरात चार माणसं आहेत.”

“गाडीला कोणी हात लावत नाही अशी तक्रार तुम्हीच करता.”

ते म्हणाले, “आमच्याकडे पुरावा समोर आला की शब्द फिरवायची पद्धत आहे. तुम्ही तेवढी संधी तरी द्यायची होती.”

दुसरे एक गृहस्थ निळ्याला इतके वैतागले की त्यांनी पाइपावर काचेच्या धाग्याची पट्टी गच्च गुंडाळून घेतली. डागच दिसायला नको. दोन पावसाळे खूश होते. तिसऱ्याला पट्टीसकट पाइप हातात आला. पट्टीत पाणी धरून ठेवलं गेलं होतं आणि आत लोखंड गंजून पापडासारखं झालं होतं. मी त्यांना म्हणालो, झाकलं म्हणजे टिकलं असं नसतं हो. हे सांगताना माझा आवाज अगदी शहाण्या माणसासारखा होता. दत्ता नावाच्या एका गिऱ्हाइकाचं सगळं तोवर होऊन गेलेलं होतं.

दत्ताकडे येण्याआधी अब्बांबद्दल थोडं सांगायला हवं. माझे वडील कलईवाले. पेठांमधून भाता, नवसागर आणि कथिल घेऊन फिरायचे. त्यांची एक रीत होती. घरातल्या बाईने भांडं दिलं की ते आधी सूर्याकडे धरायचे आणि म्हणायचे, “वहिनी, आधी भोक बघून घ्या. कलई केल्यावर मलाही दिसणार नाही.” बारीकसं भोक असलं की उजेडाचा ठिपका चमकायचा. मग ती बाई भांडं तांबटाकडे झाळायला न्यायची आणि अब्बांचं काम त्या दिवसापुरतं जायचं. मी शेजारी भाता मारत बसलेला असायचो. मला त्यांचा राग यायचा. बारीक भोक तर कथिलाने आपोआप बुजलं असतं.

अब्बा म्हणायचे, “बुजलं असतं. वर्षभराने चुलीवर उघडलं असतं.”

मी क्रोमकडे वळलो ते या रागातूनच. क्रोमला सूर्याकडे धरायची गरज नव्हती.

आता दत्ता. तो धायरीचा. तेव्हा धायरी गाव होतं, शेतीवाल्यांचं. तिशी न गाठलेला, गोल चेहऱ्याचा, कात्रजला नोकरीला. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी पाइपात दिसतं. तुम्ही खाली बसून घासत असता, तो मागे येऊन उभा राहतो, आणि वळणावर त्याचा चेहरा लांबलचक होऊन उतरतो. दत्ताला मी पहिल्यांदा असाच पाहिला. लांब हसू आणि बारीक कपाळ.

गाडी दोन स्ट्रोकची, लाल टाकीची. पाइप इंजिनाजवळच्या वळणावर गर्द निळा.

“फार पळवता वाटतं,” मी म्हणालो.

“मी?” तो हसला. “हमीदभाई, धायरीच्या रस्त्यावर म्हशी मला मागून हॉर्न मारतात.”

ते खरं होतं. त्याची गंमत सगळे करायचे. मी पाइप साफ करून दिला आणि नेहमीसारखी बढाई मारली की माझ्या हातचा पाइप वर्षभर निळा पडत नाही.

तो थोड्याच दिवसांनी परत आला. त्याच जागी निळा, पहिल्यापेक्षा गर्द.

इथे मला सगळं कळलं होतं. ‘कळायला हवं होतं’ असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. कळलं होतं. हळू चालवणाऱ्याचा पाइप इतका निळा पडतो तेव्हा दोष पाइपात नसतो. इंजिन कुठून तरी चोरून हवा खात असतं. क्रँकपाशी रबराचं एक कडं असतं, त्याला सील म्हणतात. ते चिरलं की आत हवा जास्त जाते, पेट्रोल कमी पडतं, आणि आग नको तितकी तापते. या गाड्यांत वंगणाचं तेलही पेट्रोलमधूनच जातं. म्हणजे पेट्रोलबरोबर तेही कमी. मग एक दिवस पिस्टन फुगून सिलेंडरला पकडतो आणि मागचं चाक पळता पळता थिजतं. निळा रंग हा इंजिनाने आधी दिलेला आवाज असतो.

“पळायला कशी आहे?” मी विचारलं.

“झ्याक! पूर्वीपेक्षा हलकी झालीय.”

हेही लक्षणच. ताप चढताना माणसाला जशी खोटी हुशारी येते, तशी गाडीला येते. ‘आधी समोरच्या बंडू मिस्त्रीकडे सील बघून घ्या,’ एवढं वाक्य मला बोलायचं होतं. पण बाकावर आणखी दोघं गिऱ्हाइकं बसली होती. त्यातला एक म्हणाला, “काय हमीदभाई, गॅरंटी निळी पडली की!” सगळे हसले. दत्तासुद्धा हसला, त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता.

माझ्याजवळ तेव्हा एक लेप होता. स्वतः खटपट करून जमवलेला. पाइप काढून आत ओतायचा, फिरवून फिरवून आतली बाजू माखायची, वाळवायचा. आतली उष्णता बाहेरच्या क्रोमपर्यंत पोचत नाही, त्यामुळे रंग चढत नाही. लेप चांगला होता, त्याबद्दल आजही माझी तक्रार नाही. मी तो दत्ताच्या पाइपात ओतला. बाकावरच्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, “आता इंजिन जळून राख झालं तरी हा निळा पडणार नाही.”

हे वाक्य मी उच्चारलं आहे. त्यातला एकही शब्द मी नंतर घातलेला नाही.

पाइप बसवल्यावर दत्ता खाली वाकला. त्याला कुठे तरी मुलगी बघायला जायचं होतं. “आरसाच केला की,” म्हणत त्याने वळणावर चारही बोटं टेकवली. मी ओरडलो, “हात नको!” पाइप थंडगार होता, तरी त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग मी स्पिरिटचं फडकं फिरवलं. फिरवलं असं मी समजत होतो.

काही आठवड्यांनी तो कात्रजच्या घाटापलीकडे बहिणीकडे गेला आणि दुपारी परतताना घाट उतरत असताना पडला. मागून ट्रक होता.

बंडू मिस्त्रीने मला सांगितलं. त्याच्या गॅरेजमध्येच गाडी आणली होती. तो म्हणाला, “रस्त्यावर टायरचा काळा पट्टा केवढा लांब होता म्हणे. तुफान आला असणार आणि घाबरून ब्रेक मारला असणार. हळू चालवायची सोंगं नुसती.”

मी विचारलं, “पट्टा एका चाकाचा की दोन?”

“एकाच. मागच्या.”

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

“गाडीत काही दोष?”

“छे! म्हटलं बघू तरी, पहिल्या किकला सुरू झाली. दोष चालवणाऱ्याचा.”

पकडलेला पिस्टन थंड झाला की सुटतो. पुन्हा काही घडलंच नाही असा फिरतो. बंडूलाही हे ठाऊक होतं, पण त्याने पाइपाकडे पाहिलं असणार आणि पाइप पांढराशुभ्र होता. इंजिन इतकं तापलं असतं तर पाइपावर दिसलं असतं, असं कोणीही म्हणेल. तो चेपलेला पाइप त्याने भंगारात टाकला होता. मी जवळ जाऊन पाहिलं. निळ्याचा मागमूस नव्हता. फक्त वळणावर चार तपकिरी बोटं होती, रेघांसकट भाजलेली. लेपाने निळा अडतो, पण बोटाचं तेल भाजायला थोडी ऊबही पुरते.

तो पाइप मी फडक्यात गुंडाळून घरी नेला आणि माळ्यावर ठेवला. कशासाठी, ते तेव्हा सांगता आलं नसतं. भंगारात सोडवेना, एवढंच.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी दत्ताचे वडील दुकानात आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. धोतर, टोपी, आणि टेम्पोत ती गाडी. बंडूने तिला नवा पाइप बसवून दिला होता. दसऱ्याला घरातल्या अवजारांची पूजा होते, तशी हिचीही करायची होती.

“यंत्राचा काय दोष?” तात्या म्हणाले. “दोष पोराचा. किती सांगितलं, हळू चालव. आईनं लाडावला. म्या गाडीला नको म्हनत व्हतो, तीच मागं लागली, घ्या म्हनून. आता बसलीया.”

मी मान खाली घालून पाइप पुसत राहिलो.

तेव्हापासून दर दसऱ्याच्या आधी तात्या टेम्पोतून गाडी आणत. ती वर्षभर गोठ्यात उभी असायची. कोणी चालवत नसे. फक्त पूजेच्या दिवशी हार घालून थोडा वेळ सुरू करायची आणि बंद करायची, इतकंच. आणि तरीही दर वर्षी पाइप निळा. त्याच वळणावर. जी गाडी अंगणाबाहेर गेली नाही, तिच्यावर घाट चढून आल्याचा रंग.

याला कारण आहे आणि ते मला पहिल्यांदा पाहताच समजलं होतं. सील अजून तेच चिरलेलं होतं. उभ्या गाडीला वाराही लागत नाही, त्यामुळे ती चढणीपेक्षा लवकर तापते. भुताखेताचं काही नव्हतं. पण कारण समजल्याने माझी भीती कमी झाली नाही. वाढली. भूत असतं तर ते माझ्याशिवाय आणखी कोणाला तरी कळलं असतं.

दुसऱ्या वर्षी निळ्याबरोबर बोटं आली.

चार बोटं, तपकिरी, वळणाच्या बरोबर त्याच जागी. हा पाइप नवा होता. दत्ताने याला कधी हात लावलेला नव्हता. मागच्या वर्षी स्पिरिट मी दोनदा फिरवलं होतं, याबद्दल मला खात्री होती. मी बफ मारून ती घालवली. पुढच्या वर्षी पुन्हा होती. एका वर्षी मी माळ्यावरचा जुना पाइप आणून शेजारी ठेवला. बोटांची रुंदी तीच. करंगळीचा बाहेर झुकलेला कोनही तोच.

त्यानंतर मी या गाडीचं काम करताना पाइपात बघायचं सोडून दिलं. मागे तात्या उभे आहेत हे ठाऊक असायचं, तरी वळणावर लांब झालेला चेहरा दिसला की मी फडकं आड धरत असे. एकदा टेम्पोतून उतरवलेल्या गाडीच्या पाइपातून टिक टिक ऐकू आली. गाडी बंद केल्यावर धातू थंड होताना करतो तशी. हात लावला तर कोमट. ऑक्टोबरचं ऊन, उघडा टेम्पो. मी स्वतःला मोठ्याने सांगितलं, “ऊन आहे.”

“आं?” तात्या म्हणाले.

“ऊन आहे म्हटलं, तात्या. सावलीत बसा.”

तात्या बसायचे आणि बोलायचे. दर वर्षी थोडं थोडं. पोराचा फोटो भिंतीवर लावलेला नाही. त्याची आई सणाला गोड खात नाही. भावकीतली माणसं तिला तोंडावर बोलतात, तूच गाडी घ्यायला लावलीस म्हणून. “म्याबी बोलतो कवाकवा,” ते एकदा म्हणाले. “ऱ्हावत न्हाय.” मी ऐकत राहिलो आणि घासत राहिलो. एका वाक्यात ते सगळं थांबवता आलं असतं. दर वर्षी मी ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर वर्षी पाइप जरा जास्त चांगला करून द्यायचो.

गेल्या दसऱ्याच्या आधी तात्या आले ते काठी टेकत. म्हणाले, “औंदा नीट कर, हमीदभाई. पुतण्याचं पोरगं मागतंय गाडी. कालिजात म्हनं या जुन्या गाड्यांची लई चलती हाय. देऊन टाकतो. चालंल तरी.”

“चालवणार?”

“मग काय पूजा करनार?”

ते गाडी ठेवून गेले. मी समोर जाऊन नवं सील घेऊन आलो. बंडूचा मुलगा आता तिथे बसतो. काम लहान आहे. कोणाला न सांगता मी ते बदलून टाकलं असतं, तर पोरगा सुरक्षित, गाडी ठणठणीत, पाइप कायमचा पांढरा. दर वर्षी येणारा निळा रंग थांबला असता. मला झोप लागली असती.

सील हातात घेऊन मी गाडीपाशी बसलो. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी पाइपात पाहिलं. माझाच चेहरा होता, निळ्यात बुडालेला, त्यावर ती चार बोटं. आणि मला दिसलं की हे सील बदललं की दत्ता हळू चालवत होता हे सांगणारं जगात काहीच उरणार नाही. ते शेवटचं भोक होतं, आणि मी त्यावर कलई करायला बसलो होतो.

मी पाइप साफ केला. सील खिशात ठेवलं. माळ्यावरचं गाठोडं काढलं आणि टेम्पोबरोबर धायरीला गेलो.

दसऱ्याचा दिवस. तात्यांच्या घराभोवती आता चारही बाजूंना इमारती आहेत, पण अंगण राहिलंय. भावकीतली माणसं जमली होती, पुतण्याचं पोरगं नवा शर्ट घालून उभं होतं. दत्ताची आई ओट्यावर. मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, गाडीकडेही नाही.

तात्यांनी गाडीला हार घातला, हळदकुंकू लावलं. मग सुरू करण्याआधी ते वाकले आणि पाइपाच्या वळणावर हात ठेवून थोपटलं. बैलाला जुंपायच्या आधी मानेवर थोपटतात तसं. चार बोटं. करंगळी बाहेर झुकलेली.

इतकी वर्षं मी ज्या बोटांना भीत आलो, ती या जिवंत म्हाताऱ्याची होती. बापाचाच पंजा पोराला आला होता, एवढंच. मी ओरडलो नाही, हात नको म्हणून.

“तात्या,” मी म्हणालो, “मला थोडं बोलायचंय. सगळ्यांसमोर.”

“बोल की.”

“दत्ता हळू चालवत होता.”

मी सांगायला लागलो आणि मला बोलता येईना. सील, हवा, पेट्रोल, सगळं एकात एक गुंतलं. पुतण्या म्हणाला, “हमीदभाई, आज सणाचा दिवस. कशाला उकरताय? पट्टा सगळ्या गावानं बघितलाय.”

तेव्हा मी गाडी घेतली, मधल्या स्टँडवर उभी केली आणि किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली. “पाइपाकडे बघा,” म्हटलं. “गाडी उभी आहे. चाक फिरत नाही. बघत राहा.”

पाइप पांढरा होता. त्यात सगळं अंगण उतरलं होतं, लांब लांब चेहरे, टोप्या, ओट्यावरचं लुगडं. मी मूठ थोडी पिळली आणि सोडून दिली, दोन्ही हात वर धरले. आवाज खाली यायला हवा होता. तो चढत गेला. कोणाचा हात नसताना गाडी आपली आपण रेस होत होती. पोरगा दोन पावलं मागे सरकला. जास्तीची हवा खाणारी गाडी असंच करते.

वळणावर पिवळट झाक आली. मग तपकिरी, आणि त्या तपकिरीत तात्यांची चार बोटं वर आली. मग जांभळा, आणि तो कडेकडेने पसरत गेला तसे चेहरे एकेक करून त्यात बुडाले. शेवटी निळा. इतका गर्द मी कधी पाहिला नव्हता. आवाज किंचाळीपर्यंत चढला आणि खच्चकन तुटला. इंजिन जागच्या जागी थांबलं. पुतण्याने पुढे होऊन किक दाबून पाहिली. ती दगडासारखी होती.

“घाटात असंच झालं,” मी म्हणालो. “मागचं चाक असंच धरलं गेलं. म्हणून एकाच चाकाचा पट्टा. त्याने ब्रेक मारला नव्हता. हा निळा मला आधी दिसला होता. मी तो दिसू नये अशी व्यवस्था केली.”

पाइप टिक टिक करत होता.

तात्यांनी काठीवर हनुवटी टेकली. मग त्यांनी विचारलं, “तवा बोलला का न्हाईस?”

“लोक हसले होते मला.”

“हसले व्हते,” ते म्हणाले. तेवढंच. मग ते वळले आणि ओट्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ऐकलंस का गं? पोरगं हळू येत व्हतं.”

मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. म्हणाली, “म्या काय येगळं सांगत व्हते?”

पुढे रीतीप्रमाणे आपट्याची पानं वाटली गेली. तात्यांनी एकेकाच्या हातात सोनं दिलं, माझ्यापाशी आले आणि पुढच्या माणसाकडे गेले. ते बरोबरच होतं. गाडी आता गोठ्यात आहे, निळ्या पाइपासकट. पोराला द्यायची नाही आणि पाइप पुसायचा नाही, असं तात्यांनी बजावलंय. ते सील माझ्या गल्ल्यात पडून आहे.

निघताना मी ओट्यापाशी गेलो आणि गाठोडं ठेवलं. “मावशी, हा तेव्हाचा पाइप.” तिने फडकं सोडलं. पांढराशुभ्र, चेपलेला, आणि वळणावर चार बोटं. ही कोणाची ते तिला सांगावं लागलं नाही. तिने त्यांच्यावर आपली बोटं एकेक करून ठेवली, मोजल्यासारखी, आणि तशीच राहू दिली.

“ही पुसायची राहिली व्हती व्हय तुझी?”

“राहिली, मावशी.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “एवढं तरी तुझ्या हातनं राहिलं.”